नवव्या पायरीची पाचर

आमचे हे सुतार. चांगले सुतार असं मी म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की यांना राग यायचा. ‘चांगला सुतार म्हणजे काय? सुतार एक तर असतो, नाहीतर नसतो,’ असं म्हणायचे. या माणसाने आयुष्यभर रंध्याशी जेवढं बोलणं केलं तेवढं माझ्याशी केलं नाही, आणि मीही काही मुकाट्याने ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. मी वरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची, हे खालच्या खोलीत लाकूड तासायचे, आणि आमची भांडणं जिन्यातून वर-खाली चालायची.

एकावन्न वर्षांच्या संसारात ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. टेबल डगमगलं तर जमीन वाकडी. दार बसेना तर हवा दमट. माझ्या आईच्या अंत्यविधीला अर्धा तास उशिरा आले, तर म्हणे घड्याळ मागे होतं. कामात मात्र स्वतःलाही सोडायचे नाहीत. फळीवर मारलेली रेघ केसभर वाकडी आली की सगळी फळी पुन्हा रंधायचे. वाकडी रेघ या घरात राहिली नाही.

चर्चला जायचे, नाही असं नाही. पहिल्या बाकावर बसायचे, डोळे मिटायचे, पण लक्ष छताच्या तुळयांकडे. प्रार्थना संपली की मला कोपराने ढोसून सांगायचे, ‘तिसरी तुळई बघ, खाली आलीय.’ देवाला यांच्याशी बोलायचं असतं तर त्याला आधी वेळ मागून घ्यावी लागली असती.

मग सत्तरीनंतर हात थरथरायला लागले. आधी डावा, मग उजवा. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि गुडघ्यांचं तर विचारूच नका. दोन वर्षं या माणसाने घर डोक्यावर घेतलं. एक दिवस पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं धारदार हत्यार, हातातून सुटली आणि पायाच्या अंगठ्याला चाटून फळीत रुतली. त्या दिवशी यांनी हत्यारांची पेटी बंद केली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस इथे बसून कुढणार आणि मला छळणार.

झालं भलतंच. रोज सकाळी उठून तिथेच बसायला लागले, तास-तास. ओठ हलायचे.

‘काय पुटपुटताय?’ मी एकदा विचारलं.

‘बोलतोय.’

‘कुणाशी?’

‘ज्याच्याशी आधीच बोलायला हवं होतं त्याच्याशी.’

मला वाटलं, हात गेले, आता डोकंही गेलं. पण डोकं जागेवर होतं. उलट हा माणूस ऐकायला लागला. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला लागला, आणि ते काय सोपं काम आहे? जेवताना चमच्यातलं अर्धं शर्टावर सांडायचं. पूर्वीचे हे असते तर ताट ढकलून उठले असते. एक दिवस चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘अगं, जरा भरवतेस का?’ या माणसाने माझ्याकडे काही मागितलं ते पहिल्यांदा. मी भरवलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखाने नाही.

एकदा मी म्हटलं, ‘तुम्ही दिवसेंदिवस वाळत चाललात.’ तर म्हणाले, ‘तासतोय तो. भुसा पडणारच.’

आता जिन्याचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांसाठी वर माळा आहे, आणि तिथे जायला अठरा पायऱ्यांचा लाकडी जिना. तो एकोणचाळीस वर्षांपूर्वी यांनी आणि गुण्याने बांधला. गुण्या म्हणजे खरं तर काटकोन बघायचं सुताराचं हत्यार. पण यांचा जोडीदार वागायला-बोलायला इतका सरळ की सगळे त्यालाच गुण्या म्हणायचे. यांच्याहून तीन वर्षांनी लहान. यांना दादा म्हणायचा, मला वहिनी, आणि आमच्याकडे जेवायला बसला की विचारायचा, ‘वहिनी, मीठ तुम्ही घातलं की दादांनी पट्टीने मोजून दिलं?’

दोघांनी काम वाटून घेतलं होतं. खालच्या नऊ पायऱ्या गुण्याच्या, वरच्या नऊ यांच्या. पायरीचं टोक बाजूच्या फळीतल्या खाचेत बसतं, आणि ते हलू नये म्हणून खालून खाचेत लाकडाची पाचर ठोकतात. पाचरीला सरस लावायचा, म्हणजे लाकडाचा जुना गोंद. तो कढत असतानाच लावावा लागतो, गार झाला की धरत नाही. आणि प्रत्येक पाचरीवर ज्याची त्याची खूण. हे पटाशीच्या टोकाने दोन तिरप्या रेघा ओढायचे, गुण्या एक टिंब टोचायचा. नंतर जिन्याच्या पोटाला, म्हणजे खालच्या अंगाला, फळ्या ठोकल्या की खुणा कायमच्या झाकल्या जायच्या. मी एकदा विचारलं, कुणाला दिसणारच नाहीत तर करता कशाला? ‘आम्हाला माहीत असावं म्हणून,’ हे म्हणाले होते.

आठ वर्षांनी नववी पायरी एका बाजूने खचली. गाणं शिकवणाऱ्या बाई वरून उतरत होत्या. पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि पुढे जगल्या तोवर काठी टेकत चालल्या. त्या दिवशी सगळे जिन्याखाली जमले. नववी कुणाची, असं कुणीतरी विचारलं. ‘खालच्या नऊ त्याच्या,’ हे म्हणाले. बस, एवढंच. गुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, ‘दादा, पोटाच्या फळ्या काढून बघू या.’ हे म्हणाले, ‘गरज नाही, मी वरूनच पट्टी मारतो.’ आणि मारली.

त्या आठवड्यात गुण्याने हत्यारांची पेटी कपाटावर चढवली. माझ्या हातून एका बाईचा पाय गेला, आता लाकडाला शिवणार नाही, असं म्हणाला. एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. काही महिने चर्चमध्ये मागच्या बाकावर दिसायचा, मग येईनासा झाला. राहायला चार गल्ल्यांपलीकडे, पण आमच्या घरात पाऊल नाही. मी दोनदा गेले. माझ्या चपलांकडे बघत बोलला. एकतीस वर्षं अशी गेली.

या वर्षी पाळकसाहेबांनी जिना डागडुजीला काढला. काम झालं की पायथ्याशी यांच्या नावाची पितळी पाटी लावायची आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीसमोर यांचा सत्कार करायचा, असं ठरलं. मी यांच्यासाठी नवा शर्ट शिवायला घेतला. बटणं मुद्दाम मोठी लावली, म्हणजे यांना आपली आपण लावता येतील. खोटं कशाला बोलू, मी हवेत होते.

मंगळवारी कारागीर जिन्याच्या पोटाच्या फळ्या काढणार होते. यांना बघायचं होतं. हे माझा हात धरून आले, आम्ही जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिलो. नवव्या पायरीखालची फळी निघाली तशी धूळ पडली, उंदरांनी जमवलेल्या चिंध्या पडल्या, आणि त्यांच्याबरोबर वीतभर लांबीचं एक निमुळतं लाकूड.

‘आजोबा, हे काय निघालं?’ कारागिराने ते यांच्या हातात दिलं.

यांना नीट दिसत नाही. अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग मला म्हणाले, ‘टॉर्च धर.’ मी धरला. पाचरीवर दोन तिरप्या रेघा होत्या. आणि सरसाचा डाग नव्हता. लाकूड कोरडं, कालच तासल्यासारखं.

‘माझी आहे,’ हे कारागिराला म्हणाले आणि पाचर खिशात टाकली. त्याला वाटलं, म्हातारा आठवण म्हणून नेतोय.

घरी आल्यावर खिडकीशी बसून यांनी मला सगळं सांगितलं. जिना बांधला तेव्हा गुण्याच्या मुलाला दोन दिवस ताप होता, म्हणून तो घरी थांबला. त्याची नववी पायरी खाचेत नुसती सरकवलेली होती, पाचरी राहिल्या होत्या. यांनी ती संध्याकाळी एकट्याने बसवली, का तर गुण्या परत येईल तेव्हा ‘तुझ्या वाटणीचंही मीच उरकलं’ असं म्हणता यावं. शेवटची पाचर उरली तेव्हा सरस गार झाला होता. पुन्हा तापवायचा कंटाळा केला. कोरडीच ठोकली. उद्या काढून नीट लावू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोहोचेपर्यंत मदतीच्या पोरांनी पोटाच्या फळ्या ठोकल्या होत्या, आणि मग ते मिरवायचंही राहिलं. पोराच्या तापाच्या काळजीत नववी आपण पुरी केली की नाही, ते गुण्यालाही पुढे नीट आठवलं नाही.

‘आणि पायरी खचली तेव्हा?’ मी विचारलं. ‘तेव्हा आठवलं नाही?’

यांनी खिशातली पाचर काढून मांडीवर ठेवली. ‘आठवलं नाही असं नाही,’ म्हणाले. ‘मी आठवू दिलं नाही.’

आता माझं ऐका. मी काय म्हटलं ते मी लपवणार नाही. मी म्हटलं, ‘ती पाचर जाळून टाका. बाई वारल्या, गुण्या म्हातारा झाला, कुणाला त्या रेघा वाचता येतात? रविवारी पाटी लागू दे. मग हवं तर देवाला सांगा, रोज बोलताच आहात.’

‘देवाला सांगून झालं,’ हे म्हणाले. ‘तो म्हणतो, आता ज्याचं आहे त्याला सांग.’

मी दोन दिवस अबोला धरला. शर्टाची बाही तिसऱ्यांदा उसवली. मला नवऱ्याचं नाव पितळेवर बघायचं होतं हो. आयुष्यभर त्यांचे भुशाने भरलेले कपडे धुतले, तेवढा तरी माझा हक्क होता. त्या दोन दिवसांत हे मला एक शब्द उलट बोलले नाहीत, आणि त्यानेच मी हरले. पूर्वीसारखे ओरडले असते तर मी जिंकले असते.

शुक्रवारी सकाळी हे काठी घेऊन दाराशी उभे. ‘येतेस?’

गुण्या चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. मी म्हटलं, ‘फोन करू या, तो खाली येईल.’

‘पाचर काय फोनवरून ठोकली होती?’

बहात्तर पायऱ्या. जो माणूस घरात उंबरा ओलांडताना माझा खांदा धरतो, तो बहात्तर पायऱ्या चढायला निघाला. मी घडीचं स्टूल घेतलं होतं. प्रत्येक वळणावर मांडायचं, यांना बसवायचं, पुन्हा उचलायचं. पहिल्या मजल्यावर यांचं तोंड चालू होतं. ‘या पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. कुणा गाढवाने बांधल्यात?’ दुसऱ्या मजल्यावर तोंड बंद झालं. तिसऱ्यावर ओठ पांढरे पडले होते आणि हलत होते. मला वाटलं दम लागलाय. जवळ वाकले तर म्हणत होते, ‘अजून एक मजला दे. उतरायचं मग बघू.’ मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. भाजीची जुडी धरल्यासारखा हलका हात, आणि त्या हातात एवढी पकड होती की माझी बोटं दुखली.

गुण्याने दार उघडलं. डोकं पांढरं, पाठ अजून सरळ. आधी मला बघितलं, मग वळणावर स्टुलावर बसलेल्या यांना.

‘दादा?’ तो म्हणाला. ‘तुम्ही इथवर चढलात?’

‘तुमचा जिना वाकडा आहे.’

‘माहीत आहे. येता-जाता शिव्या देतो.’

क्षणभर दोघेही तेच जुने. मग यांनी खिशातून पाचर काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. गुण्याने चष्मा लावला नाही. त्यानेही अंगठाच फिरवला.

‘दोन रेघा,’ तो म्हणाला.

‘नववीची आहे.’

हे उठून उभे राहिले. मी हात पुढे केला, तो घेतला नाही. कठडा धरून यांनी सगळं सांगितलं. मुलाचा ताप, गार सरस, कंटाळा. ‘तू फळ्या काढू या म्हणालास तेव्हा मी नको म्हटलं, कारण आत काय आहे ते मला कुठेतरी माहीत होतं. तुझी पायरी नव्हती ती. माझं चुकलं.’

ऐकलंत? एकावन्न वर्षांनी. आणि एकाही घड्याळाला, हवेला, जमिनीला मध्ये न आणता.

गुण्या पाचरीकडे बघत राहिला. वळला, आत गेला. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. हे उभेच. मी म्हटलं, ‘बसा.’ मानेने नको म्हणाले. किती वेळ गेला मला माहीत नाही. 

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. आवाज मात्र खणखणीत.

‘एकतीस वर्षं मी त्या बाईंच्या पायाचं ओझं वाहिलं, दादा. घरात खिळा ठोकायचा तरी माणूस बोलावला. देवापुढे जायची लाज वाटायची.’

‘हो,’ हे म्हणाले. नुसतं हो. सबब नाही.

‘माफ करायला मला वेळ लागेल.’

‘घे वेळ. मी रोज सकाळी खिडकीशी असतो.’

गुण्याने पाचर दुसऱ्या हातात घेतली. काहीतरी विचारायचं होतं आणि जमत नव्हतं. शेवटी म्हणाला, ‘आणि माझ्या? बाकीच्या आठ?’

‘परवा कारागिराला धरून पुन्हा गेलो होतो,’ हे म्हणाले. ‘आठही हाताने चाचपून बघितल्या. केसभर हललेल्या नाहीत. प्रत्येक पाचरीवर टिंब आहे. मी तोडायला गेलो तरी तुटणार नाहीत.’

तेव्हा तो रडला. शहात्तर वर्षांचा माणूस, भिंतीला डोकं लावून, आवाज करून रडला. आपल्या हाताचं काम उभं आहे हे त्याला आज कळलं होतं. हे पुढे झाले, आणि दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. कोण कुणाला सावरत होतं ते मला सांगता येणार नाही. मग गुण्याने बाहीने तोंड पुसलं. ‘वहिनी,’ म्हणाला, ‘चहा टाकतो. साखर मोजून द्यायला दादा आहेतच.’

रविवारी पाळकसाहेबांनी यांना पुढे बोलावलं. उभं राहणं जमणार नव्हतं, शुक्रवारच्या चढणीने पाय सुजले होते, म्हणून खुर्ची दिली. नव्या शर्टाची मोठी बटणं यांनी स्वतः लावली होती, एक वर-खाली झालं होतं. पाटी बाजूला ठेवा, असं सांगून यांनी मंडळीला सांगितलं की नववी पायरी कुणी बसवली होती. एकही शब्द गिळला नाही. ज्या ताकदीच्या दिवसांत हा माणूस एकट्याने तुळई उचलायचा, त्या दिवसांत हे वाक्य त्याला उचललं नसतं. गुण्या मागच्या बाकावर होता. माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं, ‘या वयात कशाला उकरून काढायचं?’ मी वळले. ‘या वयातच जमतं ते,’ मी म्हटलं, ‘तुम्हाला जमायला अजून वेळ आहे.’ आणि पुन्हा ताठ बसले. लग्नाच्या दिवशी बसले नसेन इतकी ताठ.

सोमवारी जिन्याच्या पोटाच्या फळ्या पुन्हा ठोकायच्या होत्या. त्याआधी सकाळी गुण्या आला, काखेत पेटी. कपाटावरच्या पेटीतल्या पटाशीला गंज असेल असं मला वाटलं होतं. तिला दरवर्षी तेल लावलेलं होतं. एकतीस वर्षं कशासाठी लावलं, ते मी विचारलं नाही.

तो जिन्याखाली मांडी घालून बसला आणि नवी पाचर तासली. हे स्टुलावर बसून शेगडीवर सरस ढवळत होते, तेवढं काम थरथरत्या हाताला जमतं. ‘गार होऊ देऊ नका हं, दादा,’ गुण्या म्हणाला, आणि हे हसले. पाचर झाली. गुण्याने तिच्यावर आपलं टिंब टोचलं. मग पटाशी उलटी धरून, मूठ यांच्याकडे केली.

‘तुमचीही करा. दोघांची आहे ही.’

यांनी पटाशी घेतली. सहा वर्षांनी. मी स्टूल पक्कं धरलं. पहिली रेघ ओढली. हात हलला, रेघ मध्येच वळली आणि पार कडेला गेली. दुसरीही तशीच. मी बघत होते. आता हे म्हणणार, नवीन तास, ही नको.

अंगठा फिरवून यांनी दोन्ही रेघा चाचपल्या. ‘असू दे,’ म्हणाले, आणि पाचरीला कढत सरस लावून ती गुण्याच्या हातात दिली.